पीएच ७.७ आणि ८.६ : फरक बारा टक्के, बारा पट की आठ पट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दाभोळच्या खाडीलगत एक एकराचं वनामी कोळंबीचं तळं, पाणी १.२ मीटर. सकाळी ६ ला पीएच ७.७, दुपारी ३ ला ८.६. विचारणारा तरुण लिहितो : "भाऊ म्हणतो, फरक ०.९ चा आहे, म्हणजे जेमतेम १२ टक्के, आणि सरासरी ८.१५ आहे, काळजीचं कारण नाही. मी बारावीतलं आठवून हायड्रोजन आयन काढले, तर ५ × १०^−७ आणि ४ × १०^−८ आले, म्हणजे साडेबारा पट. खरं काय? आणि दुपारचा पीएच ८ वर आणायचा तर किती ॲसिड टाकू?"

मी गेली बावीस वर्षं या किनाऱ्यावर पाणी आणि माती तपासतो. हा प्रश्न दर हंगामात कुठल्या ना कुठल्या बांधावर ऐकतो, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतो.

आधी उत्तर. बारा टक्के चूक, साडेबारा पटही चूक. सकाळच्या पाण्यात दुपारच्या जवळजवळ आठ पट हायड्रोजन आयन आहेत. विचारणाऱ्याची दिशा बरोबर होती, हिशेबात एका जागी पाय घसरला. भावाची मात्र दिशाच चुकली.

पीएच हा पाण्यातल्या कुठल्या पदार्थाचा आकडा नव्हे. तो घातांक आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन काम करत होते. १०^−७, १०^−५ असले आकडे रोज लिहिणं जिकिरीचं होतं, म्हणून १९०९ मध्ये त्यांनी फक्त वरचा घात, तोही उणे चिन्ह काढून, लिहायची रीत घातली. पीएच ७ म्हणजे लिटरमागे १०^−७ मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) हायड्रोजन आयन, पीएच ८ म्हणजे १०^−८. पीएच एकाने वाढला की आयन दहाव्या हिश्शावर येतात. तेव्हा ७.७ आणि ८.६ यांची टक्केवारी काढणं म्हणजे दोन घरांच्या पत्त्यातल्या क्रमांकांवरून घरांची किंमत काढण्यासारखं आहे. वजाबाकी करायला हरकत नाही, पण ०.९ ही वजाबाकी आली की पुढचा प्रश्न असतो, १० चा ०.९ वा घात किती? तो ७.९४ आहे.

आता घसरलेला पाय. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की तिच्यावर जरा थांबतो.

पीएच ७.७ असेल तर आयनांची संहती, म्हणजे लिटरमागचं प्रमाण, १०^−७.७. लॉगच्या पुस्तकात प्रतिलॉग, म्हणजे १० चा तो घात, पाहायचा तर अपूर्णांकाचा भाग धन असावा लागतो. विचारणाऱ्याने −७.७ चे सरळ दोन तुकडे केले, ७ आणि ०.७, मग ०.७ चा प्रतिलॉग ५.०१ घेतला आणि पुढे १०^−७ लावलं. पण इथे तो ०.७ सुद्धा उणे आहे. उण्याचा प्रतिलॉग पुस्तकात सापडत नाही. म्हणून आधी एक उसना घ्यायचा : −७.७ म्हणजे −८ + ०.३. आता ०.३ चा प्रतिलॉग २, म्हणून संहती २ × १०^−८ मोल प्रति लिटर. तसंच −८.६ म्हणजे −९ + ०.४. ०.४ चा प्रतिलॉग २.५, संहती २.५ × १०^−९. वीस भागिले अडीच, आठ.

उत्तर बरोबर आहे का, हे कॅल्क्युलेटरशिवायही कळतं. ७.७ हा ७ आणि ८ च्या मध्ये आहे, तेव्हा संहतीही १०^−७ आणि १०^−८ यांच्या मध्येच पडली पाहिजे. ५ × १०^−७ तर पीएच ७ च्याही पाचपट आम्ल झालं! तिथेच पेन खाली ठेवून मागे वळायचं.

तळ्याच्या पाण्यासाठी मी मोलमध्ये बोलतच नाही. नॅनोमोलमध्ये बोलतो, म्हणजे मोलचा अब्जावा भाग. मग घातांक नाहीसे होतात आणि आकडे बाजारातल्या हिशेबासारखे सुटसुटीत होतात. पीएच ९ ला लिटरमागे १ नॅनोमोल, ८ ला १०, ७ ला १००, ६ ला १०००. मधल्या आकड्यांसाठी एकच गोष्ट पाठ करा : ०.३ खाली आला की दुप्पट. ९ ला १, तर ८.७ ला २, ८.४ ला ४, ८.१ ला ८. दुसऱ्या बाजूने ८ ला १०, तर ७.७ ला २०, ७.४ ला ४०. तुमचा ०.९ म्हणजे तीनदा ०.३, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठ. बांधावर उभ्या उभ्या होणारा हिशेब आहे हा, मोबाईल लागत नाही. ०.१ चा फरक असेल तर सव्वा पट धरा, ०.५ असेल तर तिप्पटीहून थोडं जास्त, ०.७ असेल तर पाच पट.

तुलना सांगताना "पट" म्हणा, टक्के नको. सकाळी २० नॅनोमोल, दुपारी २.५. सकाळवरून दुपारकडे मोजलं तर घट ८७ टक्के. दुपारवरून सकाळकडे मोजलं तर वाढ जवळजवळ ७०० टक्के. तळं एक, फरक एक आणि दोन माणसं दोन टोकाचे आकडे घेऊन भांडतात. "आठ पट" म्हटलं की भांडण मिटतं.

मग सरासरीचं काय? ७.७ आणि ८.६ यांची सरासरी ८.१५ काढणं म्हणजे पुन्हा घातांकांचीच सरासरी. आयनांची खरी सरासरी हवी तर आधी आयनांकडे जायचं, तिथे सरासरी काढायची आणि परत यायचं. २० अधिक २.५, भागिले २, म्हणजे ११.२५ नॅनोमोल. त्याचा पीएच ७.९५. दोन आकड्यांतच ०.२ चा फरक पडला. ५ आणि ७ घेतले तर साध्या सरासरीने ६ येतो, आयनांच्या सरासरीने ५.३. जास्त आयनांची बाजू सरासरीला आपल्याकडे ओढून घेते.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की कोळंबीच्या तळ्याला यातली कुठलीच सरासरी लावू नये. कारण अमोनिया. खाद्याचा उरलेला भाग आणि कोळंबीची विष्ठा यांतून अमोनिया येतो आणि पाण्यात तो दोन रूपांत राहतो. अमोनियम आयन फारसा त्रास देत नाही. मुक्त अमोनिया वायू मात्र कल्ल्यांना जाळतो. कुठलं रूप किती, हे हायड्रोजन आयनच ठरवतात. गोड्या पाण्यात २५ अंशांना पीएच ७.७ असेल तर एकूण अमोनियाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास मुक्त असतो, ८.६ ला तोच १८ टक्के, ९ ला ३६. तळं तेच, खाद्य तेच, अमोनियाची चाचणी तोच आकडा दाखवते आणि दुपारी विष साडेसहा पट. आपल्याकडे पाणी २५ अंशांहून गरम असतं, त्यामुळे हा वाटा आणखी वाढतो. पाण्यातल्या मिठामुळे तो किंचित कमी होतो, पण दिलासा मानावा इतका नाही. आयनांची सरासरी ७.९५ सांगते तेव्हा दुपारची ही बाजू झाकली जाते. साधी सरासरी ८.१५ सांगते तेव्हाही झाकलीच जाते. म्हणून वहीत दोन्ही आकडे वेळेसकट लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात "किती पट". मी ज्यांना ही सवय लावली त्यांना दुसऱ्या आठवड्यात तळं बिघडायला लागलं की आधी तो रकाना दिसतो. ३ पट, ४ पट, ६ पट असा तो चढत जातो, कोळंबी काही बोलायच्या कितीतरी आधी. दिवसाचा फरक ०.५ च्या आत, म्हणजे साधारण तिप्पटीच्या आत असावा, हे मी धरून चालतो. तुमचा आठ आहे.

इतका फरक का पडतो ते थोडक्यात. हिरवं पाणी म्हणजे प्लवक, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं. ऊन असेपर्यंत प्लवक पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, दुपारी तीन-चारला शिगेला पोचतो. रात्री प्लवक, कोळंबी, तळाचा गाळ सगळेच श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड पुन्हा विरघळतो, पहाटे पीएच सगळ्यात खाली. तुमचं पाणी बहुधा गडद हिरवं झालं असणार.

आता ॲसिड. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आयनांचं गणित शिकलेला माणूस नेमका इथेच फसतो.

गणित करूनच बघू. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, गुणिले १.२, म्हणजे सुमारे ४८.५ लाख लिटर पाणी. ८.६ ला २.५ नॅनोमोल, ८ ला १० हवेत, म्हणजे लिटरमागे ७.५ नॅनोमोल वाढवायचे. सगळ्या तळ्याला मिळून ०.०३६ मोल. दुकानातलं तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड लिटरला साधारण १२ मोलचं असतं, तेव्हा लागलं किती? ३ मिलिलिटर. चहाचा चमचाही भरणार नाही. एकराच्या तळ्यात अर्धा-पाऊण चमचा ॲसिड टाकून पीएच हलत नाही, हे तुम्हाला मला सांगावं लागू नये. गणितात चूक नाही. गणित ज्या गोष्टीचं केलं ती गोष्टच चुकीची आहे.

पीएच मोकळे फिरणारे आयन सांगतो. पाण्यात बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांची कोठी भरलेली असते, ती आलेलं आम्ल गिळून टाकते. तिला क्षारता म्हणतात, चाचणीच्या किटवर आल्कलिनिटी लिहिलेलं असतं. लिटरला १०० मिलिग्रॅम क्षारता म्हणजे लिटरमागे २ मिलिमोल आम्ल गिळायची ताकद. २ मिलिमोल म्हणजे २० लाख नॅनोमोल. आणि आपण बोलत होतो साडेसात नॅनोमोलबद्दल. खिशातली चिल्लर मोजून सावकाराच्या तिजोरीचा अंदाज करायचा, असा हा प्रकार.

घरात करून बघायचं असेल तर कोकमाचं आगळ घ्या. वाटीभर आगळाचा पीएच मोजा. मग त्यात नऊ वाट्या पाणी घालून परत मोजा. आयन मोकळेच असते तर दहा पट विरळ झाल्यावर पीएच बरोबर १ ने चढला असता. चढतो साधारण अर्ध्याने. कारण कोकमातलं आम्ल दुर्बल आहे, त्याचा बराचसा हायड्रोजन अजून रेणूतच अडकलेला असतो आणि पाणी घातलं की त्यातला काही सुटून बाहेर येतो. जिभेला तरी ते माहीत असतंच : सोलकढीत नारळाचा रस कितीही ओतला तरी आंबटपणा सहजी जात नाही.

म्हणून ॲसिड टाकू नका. टाकलंत तर ते आधी क्षारता खाईल, आणि क्षारता कमी झालेल्या तळ्यात दिवस-रात्रीचा फरक आणखी वाढेल. आज आठ पट आहे, पुढच्या आठवड्यात पंधरा-वीस पट होईल. उलट क्षारता १०० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान धरून ठेवली तर तेच प्लवक पीएचला इतकं नाचवू शकत नाही. समुद्राच्या पाण्यात ती मुळात ११५ च्या आसपास असते. पावसाच्या पाण्यात जवळजवळ शून्य. आपल्याकडे मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खाडी वरून गोडी होते, आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीबरोबर आत घेतलेलं पाणीही क्षारतेने दुबळं असतं. जुलैनंतर पीएच नाचायला लागला की मी आधी क्षारता विचारतो, ती याचसाठी.

एका तळ्यावर झालेली गोष्ट सांगतो. सकाळचा पीएच ७.४ आला म्हणून कुणीतरी चुना सुचवला. चुना म्हणजे कुठला, हे कुणी विचारलं नाही. भाजलेला चुना आला, भिजवला आणि दुपारी दोनला टाकला, जेव्हा पाणी आधीच ८.८ ला होतं. संध्याकाळी मला बोलावलं तेव्हा कोळंबी बांधाच्या कडेला वर आली होती, पीएच मोजायचा पेन ९.४ दाखवत होता. ७.४ ला ४० नॅनोमोल, ९.४ ला ०.४. एका दिवसात शंभर पट. पाणी बदलून, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालवून निम्मी कोळंबी वाचली. शिंपल्याची किंवा दगडाची न भाजलेली भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पीएचला साधारण ८.३ च्या पुढे ढकलू शकत नाही. भाजलेला चुना सहज ढकलतो. पोत्यावर दोन्हींना चुनाच लिहिलेलं असतं.

मोजमापावर थोडं. बाजारातला पेन ०.१ इकडे-तिकडे दाखवतो. ऐकायला छोटं वाटतं, पण ०.१ म्हणजे आयनांमध्ये सव्वा पट. तुमच्या दोन वाचनांत चुका उलट्या दिशेला गेल्या असतील तर खरा फरक ०.७ ते १.१ कुठेही असू शकतो, म्हणजे ५ पट ते १२.५ पट. सुदैवाने पेन एकच असेल आणि तो कायम ०.१ जास्तच दाखवत असेल तर वजाबाकीत ती चूक उडून जाते. खाऱ्या पाण्यालाही हेच लागू आहे. मीटर खरं तर आयनांची क्रियाशीलता मोजतो, मिठामुळे ती संहतीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे २० नॅनोमोल हा आकडा काटेकोर धरू नका. एकाच क्षारतेच्या, एकाच खारटपणाच्या पाण्याची तुलना मात्र टिकते. आणि पीएच एका दशांशापर्यंत मोजला असेल तर आयन ७.९४३२८ पट लिहू नका. आठ पट लिहा.

पेन जुळवताना तळ्यासाठी ७ आणि ९.२ ची बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचची द्रावणं, वापरा; त्यांच्या गोळ्या मिळतात. ४ ची गोळी मातीसाठी आणि आगळासाठी. गोळी १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळू द्या, तळाशी कण दिसत असतील तर अजून थांबा. ९.२ चं द्रावण उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतं, आठवडाभर उघड्या बाटलीत ठेवलेल्या बफरवर जुळवलेला पेन तुमचं तळं आहे त्यापेक्षा जास्त दाखवेल. काचेचा गोल फडक्याने घासू नका, टिशूने नुसता टिपा. बुडवून ठेवायचा तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, डिस्टिल्ड पाण्यात नाही.

आणि पाणी बांधावरच मोजा. बाटली भरून, स्कूटरच्या डिकीत टाकून, उन्हातून दोन तास फिरवून माझ्याकडे आणलेलं पाणी हे तुमच्या तळ्याचं पाणी राहिलेलं नसतं. बोअरच्या पाण्याचं तर डोळ्यांदेखत होतं : उपसल्या उपसल्या ६.१, बादलीत हेंदकाळून अर्ध्या तासाने ६.७. कार्बन डायऑक्साइड उडून गेला, आयन चौथ्या हिश्शावर आले, आणि घरचे म्हणतात तुमचं मशीन बिघडलंय. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ सांगतं. तेही आयनांमध्ये पाहिलं तर शंभर पटीची पट्टी आहे. जांभ्यातल्या विहिरी अनेकदा तिच्या खालच्या टोकाबाहेर असतात.

मातीचं गणितही असंच. आंब्याच्या दोन बागांचे अहवाल ५.२ आणि ५.८ आले तर पहिल्या मातीच्या द्रावणात चार पट आयन, दोनदा ०.३. पण चुना चार पट लागेल असं नाही. तिथेही कोठी वेगळी, ती चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या कणांवर असते, म्हणून चुन्याची गरज ही स्वतंत्र चाचणी आहे.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम सांगतो. उद्या संध्याकाळपर्यंत क्षारता मोजा. १०० च्या खाली असेल तर न भाजलेल्या चुन्याची भुकटी किंवा डोलोमाइट रात्री टाका, तेव्हा पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि ती विरघळते. दुपारी ८.६ ला ती तळाशी बसून राहील. घाई असेल तर खाण्याचा सोडा चालतो, महाग पडतो. खाद्य चार दिवस थोडं आवरा, चेक ट्रेमध्ये (खाद्य तपासायला पाण्यात सोडलेल्या ताटात) किती उरतं ते बघून. येत्या उधाणाला पाणी घ्यायचं असेल तर उघाडी उघडण्याआधी खाडीच्या पाण्याची क्षारता बघा, तळ्यापेक्षा कमी असेल तर घेऊ नका. एरेटर पहाटे बंद करू नका. मग चार दिवस सकाळी ६ आणि दुपारी ३, एकाच पेनने, एकाच कोपऱ्यात, हातभर खोलीवर मोजा आणि मला आठ आकडे, क्षारता, एकूण अमोनिया आणि पाण्याचं तापमान पाठवा. "किती पट" हा रकाना तुम्ही स्वतः भरून पाठवा, भावालाही शेजारी बसवून.